घरच्या टेबलावर ड्रेस वॉच: ‘कलात्राव्हा’च्या धाटणीचे घड्याळ जुळवण्याची कृती

स्वतःच्या हाताने पहिले घड्याळ जुळवायचे म्हटले की बहुतेक नवखे डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांच्या घड्याळाची, धाटणी निवडतात, कारण तिचे सुटे भाग मुबलक मिळतात आणि जाड केस (घड्याळाची बाहेरची धातूची डबी), रुंद काटे व गडद तबकडी यांत हाताच्या बारीकसारीक चुका झाकल्या जातात. ड्रेस वॉचमध्ये, म्हणजे औपचारिक पोशाखावर घालायच्या पातळ, साध्या घड्याळात, ही सवलत मिळत नाही. तेथे फिकट तबकडीवर दोन-तीन बारीक काटे आणि बारा खुणा एवढेच असते, त्यामुळे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी तो मनगटावर दिसतो. म्हणूनच या प्रकारात मशीन कोणते घेतले यापेक्षा मापे कशी बसवली याला जास्त महत्त्व आहे, आणि ती मापे पहिला सुटा भाग मागवण्याआधी कागदावर ठरवावी लागतात. पुढची सगळी कृती याच एका गोष्टीभोवती रचली आहे.

नमुना म्हणून मी पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीचे ‘कलात्राव्हा’, आणि त्यातही १९३२ साली बाजारात आलेले ‘रेफरन्स ९६’ घेतले आहे. गोल ड्रेस वॉच कसे असावे याबद्दल आज आपल्या डोक्यात जे चित्र असते त्याचा मोठा भाग या एका घड्याळाने घडवला आहे, आणि घरच्या घरी त्याच्या जवळ जाता येते.

१. मूळ घड्याळातून काय घ्यायचे आणि काय सोडायचे ते ठरवा

‘९६’चे फोटो मोठे करून पाहा. केसचा व्यास साधारण ३१ मिलिमीटर, म्हणजे आजच्या मानाने लहान. काचेभोवतीची कड सपाट आणि साधी. पट्टा धरणारे कान वेगळे डकवल्यासारखे वाटत नाहीत, ते केसच्या बाजूंतूनच वळत खाली उतरतात. काटे डॉफिन प्रकारचे, म्हणजे मधोमध उंच कणा असलेले लांबट त्रिकोण; त्यामुळे प्रकाश कोठूनही आला तरी काट्याची एक बाजू चमकते आणि दुसरी काळसर दिसते. खुणा छापलेल्या नाहीत, वरून बसवलेल्या धातूच्या कांड्या आहेत. तास काट्याचे टोक या कांड्यांच्या आतल्या टोकाशी येऊन थांबते आणि मिनिट काटा बाहेरच्या मिनिटांच्या ठिपक्यांपर्यंत पोहोचतो. सहाच्या ठिकाणी सेकंदांची लहान तबकडी आहे.

यातले काटे, खुणा, सपाट कड आणि काट्यांच्या लांबीचा हा नियम एवढे घ्यावे. सहाच्या ठिकाणची सेकंदाची तबकडी पहिल्या घड्याळात सोडून द्यावी, कारण तिच्यासाठी वेगळे मशीन लागते आणि त्याला शोभणारी लहान केस शोधण्यातच बराच वेळ जातो.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत: मूळ कंपनीचे नाव आणि तिचे क्रूसाचे बोधचिन्ह. भारतात १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्यानुसार दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने लावणे हा गुन्हा आहे. ‘मी कोठे विकणार आहे’ हा युक्तिवादही फार काळ टिकत नाही, कारण घड्याळे हातोहात फिरतात आणि पुढच्या माणसाला ते कोणी व कशासाठी बनवले हे ठाऊक नसते. आकाराचे तसे नाही. आपल्याकडे २०००च्या डिझाइन्स कायद्याखाली नोंदवलेल्या आकाराला जास्तीत जास्त पंधरा वर्षे संरक्षण मिळते, त्यामुळे १९३२च्या गोल केसवर आणि डॉफिन काट्यांवर आज कोणाची मक्तेदारी नाही. तबकडीवर स्वतःचे नाव घालावे किंवा काहीच घालू नये. मला कोरी तबकडी अधिक आवडते.

२. मशीन निवडा

घड्याळजी ज्याला मशीन म्हणतात तेच मूव्हमेंट. पहिल्या घड्याळासाठी खरी निवड दोनच मशीनांत आहे.

पहिले सेकोचे एनएच३८. व्यास २७.४ मिलिमीटर, जाडी ५.३२ मिलिमीटर, २४ खडे, तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास चाल. यात तारीख नाही. सर्वत्र मिळणाऱ्या एनएच३५ मध्ये ती असते, आणि बिनखिडकीच्या तबकडीखाली तारखेचे चक्र असले की चावी ओढताना एक निरुपयोगी टप्पा हाताला लागत राहतो. म्हणून ड्रेस वॉचला एनएच३८ घ्यावे. हे मशीन मुळात तबकडीला नऊच्या बाजूला भोक पाडून आतले बॅलन्स चक्र (हेलकावे घेत चाल ठरवणारे चाक) दाखवणाऱ्या घड्याळांसाठी केलेले आहे. आपण ते बंद तबकडीखाली झाकतो एवढेच. मात्र त्यामुळे बॅलन्स चक्र तबकडीच्या बाजूनेही उघडे असते. तबकडी बसवताना त्या जागी डिंकाचा कण किंवा कापसाचा तंतू पडला तर घड्याळ थांबते.

दुसरे मियोटाचे ९०३९. तेही बिनतारखेचे आणि २४ खड्यांचे, पण जाडी फक्त ३.९ मिलिमीटर आणि तासाला २८,८०० ठोके. ड्रेस वॉचला खरे तर हेच शोभते, कारण मनगटावर दिसणारी जाडी मशीनपासून सुरू होते: एनएच३८ घेतले तर तयार घड्याळ सहसा अकरा मिलिमीटरच्या आसपास जाते आणि शर्टाच्या कफखाली अडते, तर ९०३९ सह नऊच्या आसपास राहता येते. तरीही पहिल्या घड्याळाला एनएच३८च घ्या, असे मी सांगेन. त्याला बसणारे काटे, तबकड्या, केस आणि दांड्या (चावी मशीनला जोडणाऱ्या) दहा ठिकाणी मिळतात, आणि हात चुकला तर दुसरे मशीन आणणे खिशाला झेपते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘९६’मध्ये सुरुवातीला लेकुल्त्रच्या पायावर बनवलेली मशीने होती, आणि १९३४पासून पाटेकने स्वतःचे ‘१२-१२०’ बसवले. त्यातील बारा म्हणजे बारा लिन्य, घड्याळांच्या मशीनसाठी वापरले जाणारे जुने फ्रेंच माप. एक लिन्य २.२५६ मिलिमीटरचा असल्याने मशीनचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर होतो, म्हणजे आपल्या एनएच३८ इतकाच. तेवढे मशीन त्यांनी ३१ मिलिमीटरच्या केसमध्ये बसवले. आपले घड्याळ मोठे होते त्याला मशीनची रुंदी कारण नाही, जाडी आणि बाजारात मिळणाऱ्या केस कारण आहेत.

३. सगळी मापे कागदावर जुळवा

ही पायरी गाळून थेट खरेदीला लागणे हा या छंदातला सर्वांत महागडा उतावळेपणा आहे.

एनएच मशीनसाठीच्या तबकडीचा व्यास २८.५ मिलिमीटर असतो. केसच्या आतल्या कडेखाली तिचा थोडा भाग झाकला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण २७.५ मिलिमीटर दिसते. हा आकडा पक्का असल्यामुळे केस जितकी मोठी घ्याल तितकी तबकडीभोवतीची धातूची कड रुंद होत जाते आणि तबकडी आकसल्यासारखी दिसते. ४० मिलिमीटरच्या केसमध्ये दोन्ही बाजूंना सव्वासहा मिलिमीटर धातू राहतो. ३६च्या केसमध्ये सव्वाचार. म्हणून ३६ मिलिमीटरचीच केस शोधावी, आणि ३८च्या पुढे तर अजिबात जाऊ नये. पट्ट्यासाठी कानांतील अंतर १८ मिलिमीटर हवे. वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतची लांबी ४४ मिलिमीटरच्या आत असली तर घड्याळ बारीक मनगटावरही बसते. चावी तीनच्या ठिकाणी असलेलीच केस घ्यावी. एनएचसाठी मिळणाऱ्या बऱ्याच केस डायव्हर घड्याळांच्या असतात आणि त्यांत चावी चारच्या जवळ असते.

आता काटे. दिसणाऱ्या तबकडीची त्रिज्या १३.७५ मिलिमीटर. मिनिटांचे ठिपके १२.८ मिलिमीटरवर घेतले, तर मिनिट काटा छिद्राच्या मध्यापासून टोकापर्यंत १२.५ ते १२.८ हवा. खुणांच्या कांड्या ८.७पासून १२पर्यंत घेतल्या, तर तास काटा ८.५चा हवा. विक्रेते काट्यांची जी लांबी लिहितात ती कधी टोकापासून शेपटापर्यंतची असते, कधी छिद्राच्या मध्यापासूनची. हे विचारून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. एनएच मशीनसाठी काट्यांच्या छिद्रांची मापे अशी: तास १.५० मिलिमीटर, मिनिट ०.९०, सेकंद ०.२०. दुसऱ्या कोणत्याही मशीनसाठीचे काटे ‘घासून बसवू’ या भरवशावर घेऊ नयेत.

सेकंद काटा ठेवायचा की नाही हेही आत्ताच ठरवा. दोनच काटे ठेवले तर घड्याळ अधिक शांत दिसते, पण या मशीनमध्ये सेकंदाची बारीक दांडी मिनिट काट्याच्या छिद्रातून मधोमध वर आलेली दिसत राहते, आणि ती एकदा डोळ्यांत भरली की खुपतच राहते. माझे मत सेकंद काटा ठेवण्याकडे आहे. तो सुईसारखा बारीक, आणि लांबीला मिनिट काट्याइतकाच घ्यावा.

हे सगळे दहापट मोठे करून आलेखाच्या कागदावर काढा, आणि मग खऱ्या मापात छापून, गोल कापून, मनगटावर ठेवून पाहा. कागदाच्या चकतीवर जे बेढब वाटते ते स्टीलमध्ये सुंदर होत नाही.

४. हत्यारे, सुटे भाग आणि कागदपत्रे

हत्यारांत कंजुषी फक्त एकाच ठिकाणी करू नये: चिमट्यात. टोके बरोबर जुळणारा एक चांगला चिमटा स्वस्तातल्या पाच चिमट्यांपेक्षा कामाचा आहे. बाकीची यादी अशी:

- डोळ्याला लावायचे भिंग, पाच ते दहा पट
- ०.८ ते १.६ मिलिमीटरचे पेचकस
- काटे दाबून बसवण्याचा आणि काढण्याचा संच
- मशीन धरण्याचा साचा (एनएच मशीन ज्या प्लॅस्टिकच्या डबीत येते तिचा आतला भाग सुरुवातीला पुरतो)
- व्हर्नियर, बारीक कानस, दांडी कापायला मजबूत कटर पक्कड
- रबरी फुंकणी, बोटांना घालायचे रबरी टोपण, धूळ टिपायची हिरवी पुट्टी, म्हणजे रोडिको
- मागचे झाकण उघडण्याची किल्ली, सिलिकॉन ग्रीस, दांडीच्या आट्यांसाठी हलका थ्रेड-लॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद

सुट्या भागांत मशीन, काच बसवलेली केस, मशीनभोवतीचे कडे, चावी, काटे, तबकडी किंवा तिचा कच्चा माल, पट्टा आणि दोन जास्तीच्या दांड्या. काच वेगळी आणून स्वतः दाबून बसवण्याच्या फंदात पहिल्यांदा पडू नये. पहिल्या घड्याळाला हत्यारांचा खर्च सुट्या भागांच्या जवळपास जातो, हे धरूनच चालावे.

परदेशी लोकांनी लिहिलेल्या मार्गदर्शनात सरसकट अलीएक्स्प्रेस या चिनी ऑनलाइन बाजारातून मागवायला सांगितलेले असते. भारतात त्या अॅपवर नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली, त्यामुळे तो मार्ग येथे धरू नये. देशातले विक्रेते किंवा परदेशातील थेट पार्सल पाठवणारी दुकाने हे पर्याय उरतात. बाहेरून कुरिअरने येणाऱ्या पार्सलसाठी केवायसी लागते. आधार किंवा पॅन, पत्त्याचा पुरावा आणि खरेदीची पावती आधीच स्कॅन करून ठेवावी, कारण कुरिअरचा निरोप येतो आणि कागद वेळेत गेले नाहीत की पार्सल अडकून पडते. सीमाशुल्क वेगळे भरावे लागेल हे हिशोबात धरावे, आणि विक्रेत्याला खरी किंमतच लिहायला सांगावी.

५. आधी एखाद्या बंद घड्याळावर हात बसवा

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात बंद पडलेली एचएमटी घड्याळे अजून मिळतात. ‘जनता’सारखे चावीचे घड्याळ सरावाला उत्तम: मागचे झाकण उघडा, दांडी काढा, काटे उतरवा, तबकडी सोडवा, आणि सगळे पुन्हा बसवा. हात थरथरायचा थांबेपर्यंत हे करा. घरातले, आजोबांचे, चालू असलेले घड्याळ मात्र या कामाला घेऊ नये. बाजारात नवी तबकडी छापून चकचकीत केलेली जुनी घड्याळेही दिसतील. परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. सरावाला ती चालतात, अस्सल समजून जास्त पैसे मोजायला नाहीत.

६. तबकडी बनवा

तयार कोरी तबकडी घेतली तर ही पायरी सोडता येते. पण घड्याळ ‘घरचे’ ठरते ते तबकडीमुळेच, आणि चांदीसारखी फिकट, किंचित दाणेदार तबकडी घरी करणे वाटते तितके अवघड नाही.

०.४ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा घ्या. मध्यबिंदू टोचून २८.५ मिलिमीटरचे वर्तुळ आखा, मध्यभागी २ मिलिमीटरचे भोक पाडा आणि मगच बाहेरची कड कापा. उलट क्रमाने केले तर भोक मध्यावर येत नाही. पत्रा काचेवर ठेवून पॉलिश पेपरने ८००पासून २०००पर्यंत, गोल फिरवत, पाण्यासह घासावा. शेवटी साबणाने धुऊन झाल्यावर त्याला बोट लागू देऊ नये.

आता चांदी चढवायची. जुन्या भिंतीवरच्या घड्याळांच्या पितळी तबकड्यांवर हीच रीत वापरली जात असे आणि तिला वीज लागत नाही. बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात थोडे सिल्व्हर नायट्रेट विरघळवावे, त्यात मिठाचे पाणी घालावे. दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो, तो सिल्व्हर क्लोराइड. वरचे पाणी ओतून तो दोन-तीनदा धुवावा आणि त्यात मीठ व क्रीम ऑफ टार्टर मिसळून ओलसर लेप करावा. बेकिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात क्रीम ऑफ टार्टर मिळते. ओल्या कापसाने हा लेप तबकडीवर गोल गोल चोळला की पिवळा रंग डोळ्यांदेखत करडा आणि मग पांढुरका होत जातो. पूर्ण तबकडी सारखी झाली की धुवावी, नुसत्या क्रीम ऑफ टार्टरच्या लेपाने आणखी एकदा हलके चोळावी, त्याने ती उजळते, पुन्हा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच वाळवावी.

या कामाला हातमोजे आणि चष्मा लागतोच. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागले तर काळे डाग पडतात आणि ते कित्येक दिवस जात नाहीत. हे द्रावण अमोनियाशी कधीही मिसळू नये, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. काम झाल्यावर उरलेले द्रावण साठवून ठेवू नये, आणि स्वयंपाकघरातली भांडी या कामाला वापरू नयेत.

वाळलेल्या तबकडीवर त्याच दिवशी पारदर्शक लॅकरचा पातळ थर द्यावा, नाहीतर चांदी काळवंडते. मिनिटांचे ठिपके पाण्यात भिजवून चिकटवायच्या डेकल कागदावर लेझर प्रिंटरने छापून घ्यावेत. डेकल सरकवून बरोबर मध्यावर आणण्यासाठी तबकडीच्या भोकातून एक काडी उभी करून तिच्याभोवती कागद बसवावा. ते वाळल्यावर लॅकरचे आणखी दोन पातळ थर.

खुणांसाठी ०.८ मिलिमीटरची चौकोनी निकेल-सिल्व्हर तार कापून, वरची बाजू कानसीने दोन उतरणींत घासून, अगदी थोड्या इपॉक्सीने चिकटवावी. बाराच्या ठिकाणी दोन कांड्या शेजारी शेजारी. बारा, तीन, सहा, नऊ या खुणा आधी लावाव्यात आणि बाकीच्या त्यांच्या मधून मोजून. खूण एक अंशाने जरी कलली तरी ती लगेच दिसते, म्हणून इपॉक्सी ओले असतानाच भिंगातून सगळ्या बाजूंनी पाहून घ्यावे. कोणाला देवनागरी अंक हवे असतील तर एचएमटीने तशा तबकड्या काढल्याच होत्या. फक्त मग कांड्या नकोत, दोन्हींची गर्दी होते.

तबकडीला मागे पाय बसवणे घरी कटकटीचे आहे. त्याऐवजी तबकडीसाठी मिळणारे पातळ दुहेरी चिकट ठिपके वापरावेत. ते मशीनच्या अगदी कडेला, नऊच्या बाजूचे उघडे बॅलन्स चक्र टाळून लावावेत. तयार तबकडी घेतली असेल आणि तिला चार पाय असतील, तर तीनच्या चावीसाठी लागणारे दोन ठेवून बाकीचे मुळापासून कापावेत. मियोटाच्या मशीनला एनएचची पाय असलेली तबकडी बसत नाही, कारण पायांच्या जागा वेगळ्या असतात.

७. तबकडी आणि काटे बसवा

पंखा बंद करा. आपल्याकडे हे आधी सांगावे लागते, कारण सेकंद काटा पंख्याच्या वाऱ्यानेही उडतो. टेबलावर पांढरा कागद अंथरावा आणि मांडीवर टेबलाच्या कडेला पिन केलेली चादर घ्यावी, म्हणजे पडलेली वस्तू फरशीवर जाऊन हरवत नाही.

मशीन साच्यात ठेवून तबकडी बसवावी. चावी फिरवून मशीन मोकळे चालते का पाहावे. मग तास काटा बारावर ठेवून हलक्या दाबाने बसवावा. तो तबकडीला समांतर हवा आणि त्याचे टोक खुणांना टेकता कामा नये.  मिनिट काटाही बाराच्या रेषेत बसवावा. तो खुणांच्या माथ्यावरून कागदाच्या जाडीइतका वर गेला पाहिजे; घरी केलेल्या खुणा बहुतेक वेळा थोड्या उंच झालेल्या असतात आणि मिनिट काटा नेमका तेथेच अडतो. आता चावीने काटे पूर्ण बारा तास फिरवून पाहावेत: तीनला, सहाला, नऊला तास काटा खुणेच्या मध्यावर येतो का आणि दोन काटे एकमेकांना कोठे घासतात का. जुळत नसेल तर काटा उचलून पुन्हा बसवावा, वाकवून जुळवू नये. डॉफिन काट्याचा कणा एकदा वाकला की त्यावरचा प्रकाश तुटक दिसतो.

सेकंद काटा शेवटी. ०.२० मिलिमीटरची दांडी आणि तितकेच छिद्र. रोडिकोच्या टोकावर काटा उचलून दांडीवर टेकवावा, भिंगातून दोन बाजूंनी पाहून छिद्र बरोबर वर आले याची खात्री करावी आणि मगच दाबावे. न बघता दाबले तर काटा नाही, दांडी वाकते, आणि ती बदलणे हे नवख्याचे काम नाही.

८. दांडी कापा

नवी दांडी लांब येते आणि ती प्रत्येक केसला मापून कापावी लागते. मशीनमधून दांडी कोणत्या स्थितीत आणि कोठे दाबून सोडवायची याचे चित्र मशीनच्या तांत्रिक पत्रकात असते. ते समोर ठेवूनच दाबावे, अंदाजाने नको.

न कापलेली दांडी लावून मशीन केसमध्ये बसवा आणि चावी दांडीवर फिरवून घ्या. आत दाबलेल्या स्थितीत चावीचा तळ आणि केसची नळी यांच्यातील अंतर व्हर्नियरने मोजा. ते ३.२ मिलिमीटर निघाले, तर पहिल्यांदा २.७च कापा. दांडी नेहमी आट्यांच्या बाजूने कापायची, आणि कापताना तुकडा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो डोळ्याकडे उडतो. टोक कानसीने सरळ करून पुन्हा बसवा, पुन्हा मोजा, आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर कानसीनेच उतरवा. काटे लावण्याच्या स्थितीत चावी बाहेर ओढता आली पाहिजे आणि आत ढकलल्यावर नळीला घट्ट टेकली पाहिजे; दोन्ही जमले की थ्रेड-लॉकरचा सुईच्या टोकाएवढा थेंब. एनएच मशीनच्या दांडीला ०.९ मिलिमीटरचे आटे असतात, चावी घेताना तेवढे पाहावे.

९. केस बंद करा

काचेची आतली बाजू, तबकडी आणि काटे यांवर रबरी फुंकणीने हवा मारा आणि भिंगातून पाहा. फिकट तबकडीवर डोक्याचा एक केससुद्धा दिसतो. मशीन उलटे धरून केसमध्ये उतरवा, कडे बसवा, दांडी घाला, मागच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचे हलके बोट लावून झाकण बंद करा. पारदर्शक झाकण मिळते, पण एनएच३८ची मागची बाजू दाखवण्यासारखी नाही. बंद झाकणच घ्यावे.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे काम भर पावसात टाळावे. दमट हवेत केस बंद केली की ओल आत अडकते, आणि नंतर थंड खोलीत काचेला आतून वाफ धरते. वातानुकूलित खोलीत तासभर सगळे भाग उघडे ठेवून मग बंद केले तर हा त्रास होत नाही.

१०. चाल जुळवा

एनएच मशीनची चाल दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांपर्यंत असू शकते असे उत्पादकच सांगतो, त्यामुळे नवे मशीन अर्धा मिनिट पुढे पळाले तर ते बिघडलेले नसते. टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणारे यंत्र, मिळाला तर उत्तम. मायक्रोफोन वापरणारी फोनमधील अॅपही शांत खोलीत कामचलाऊ आकडा देतात. या यंत्रात किंवा अॅपमध्ये ‘लिफ्ट अँगल’ची नोंद विचारतात, तेथे ५३ अंश लावावा. पूर्ण चावी देऊन तबकडी वर, तबकडी खाली आणि चावी खाली अशा तीन स्थितींत चाल मोजावी.

मग मागचे झाकण उघडून फक्त चाल बदलणारा लहान दांडा अगदी किंचित हलवावा. त्याच्या शेजारी तसाच दुसरा दांडा आहे, तो ठोक्यांचा समतोल ठरवतो. त्याला हात लावू नये. कोणता कोणता हे तांत्रिक पत्रकात पाहून घ्यावे. घड्याळ एकाएकी दिवसाला मिनिटे पुढे पळू लागले तर दांडा हलवण्याआधी ते फोनच्या स्पीकरजवळ किंवा पर्सच्या चुंबकाजवळ ठेवले होते का हे आठवावे आणि चुंबकत्व काढून घ्यावे. हे यंत्र बहुतेक घड्याळजींकडे असते आणि काम क्षणाचे असते.

११. पट्टा

१८ मिलिमीटरचा, बकलकडे १६पर्यंत निमुळता होणारा, पातळ, बिनटाक्यांचा किंवा त्याच रंगाच्या टाक्यांचा कातडी पट्टा घ्यावा. जाड पॅड भरलेला पट्टा लावला की वर वाचवलेली सगळी जाडी परत येते. कातडे घामाने लवकर खराब होते, म्हणून एप्रिल-मेमध्ये ते रोज वापरू नये, आणि ही केस पाण्यासाठी नाही हेही लक्षात ठेवावे: हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतात, पोहायला जाताना घड्याळ काढून ठेवावे.